गिरजाचं रोप

शहापुरात कंट्रोलच्या दुकानापुढं रांग अशी, की शेवटाला उभा राहिलेला नवरदेव दारापाशी आजा होऊनच पोचावा. माझ्यापुढं सापगावचा देवजी आणि त्याच्या शेजारची म्हातारी सकुबाई.

“देवजी, शेतीखात्यानं दिलेले नारळ लागले का रे?”

“चारही लागले, आत्या. समुद्रापासून लांब नारळ होतो का, ते सरकारला बघायचंय. दिवाळीत साहेब एक रोप उपटून मुळं तपासणार.”

“मग तोंड का उतरलंय?”

“त्यातलाच एक नारळ आमच्या हिनं गिरजाच्या ओटीत घातला. पोरीनं तो हातानं लावला.”

“अगो बाई. पोटुशीच्या ओटीतला नारळ उपटायचा? साहेबाला सांग की.”

“सांगितलं. हसला. म्हणाला, जोमदार दिसंल तेच उपटीन.”

“मग रे?”

“मग तिघांना शेणखत घालतो. गिरजाचं तेवढं उपाशी ठेवलंय. साहेबाची नजर नाय जायची.”

“हुशार हायेस. गिरजाला बोललास?”

“कसा बोलू? नववा लागलाय.”

“बरं केलंस.”

“काय बरं, आत्या? रोज सकाळी त्या रोपापाशी बसते अन् इचारते, बाबा, माझंच का सुकतं?”