चेंडू सोडला कोणी?

...नाही नाही, ती काचेची पेटी बघितलीत ना तुम्ही, फाटकातून आत आल्या आल्या, हॉट डॉगच्या खिडकीशेजारी? आत एक मळका चेंडू, खाली पितळी पाटी: 'कॉर्विन स्टट्झ. एका डावात चार बळी.' एवढंच! बास! अहो, मी विचारतो, चेंडू सोडला कोणी? मी! मी, डेल्मर कुबिचेक! मग माझं नाव कुठंय? तर म्हणे पाटीवर जागा नाही. जागा नाही काय? त्याच पाटीखाली 'मोहरीची चटणी मागून घ्यावी' एवढं लिहायला जागा आहे!

तुम्हाला सांगतो, बेसबॉलच्या डावात बळी असतात तीन. तिसरा पडला की संघ बदलला. मग चौथा येतो कुठून, आभाळातून पडतो? तर तिथंच गोम आहे. फलंदाज तीनदा हुकला की बळी पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर. पण तो तिसरा चेंडू मागे उकिडवं बसलेल्या माणसानं, म्हणजे कॅचरनं, म्हणजे मी, स्वच्छ धरायला लागतो. नाही धरला, मातीत पडला, की तो फलंदाज बाद होऊनसुद्धा बाद होत नाही! बॅट फेकतो आणि पहिल्या बेसकडे धूम ठोकतो. पोचला तर जिवंत. पिचरचा बळी मात्र कागदावर तसाच. मग त्याला आणखी एक बळी घ्यावा लागतो, झाले चार! म्हणजे पिचरनं विक्रम करायचा असेल तर कॅचरनं माती खायला हवी. आणि माती खाण्यात, मंडळी, आख्ख्या आयोवा राज्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

त्यातून आमच्या पिचरचा, कॉर्विनचा चेंडू. वय एक्केचाळीस, केस गेलेले, चेंडू धरतो नखांच्या टोकांवर. नखं तुटू नयेत म्हणून माझ्या बायकोचं, ग्लेनिसचं, नेलपॉलिश लावतो, गुलाबी! तो चेंडू फिरतच नाही हो. सावकाश येतो, मध्येच डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, आणि शेवटी कुठं जायचं ते विसरल्यासारखा खाली बसतो. फलंदाजाला कळत नाही, मला कळत नाही, कॉर्विनला विचाराल तर तो म्हणतो, "डेल, मी फक्त सोडतो रे. पुढचं त्याचं तो."

तर मे महिन्यात झाला तो चार बळींचा प्रकार. चेंडू माझ्या नडगीवर आपटला आणि कुंपणापर्यंत गेला, त्याच्यामागे मी, माझ्यामागे पंचाच्या शिव्या. आमचा मॅनेजर प्रुइट, ह्याच्या गालात सूर्यफुलाच्या बिया कायम, तो ओरडतोय, "कुबिचेक! थू! तुझ्या हातांना लोणी लावलंय काय रे! थू!" आणि पाच मिनिटांनी तोच प्रुइट कॉर्विनला मिठी मारून रडतोय. इतिहास झाला म्हणे! आमच्या बेल्डन गावच्या मैदानावर पहिल्यांदा! अरे, पण चेंडू सोडला कोणी?

आता मला मानपानाची हौस नाही. माझं एकच होतं. हजार सामने. प्लेटमागे, फलंदाजाच्या पाठीशी, उकिडवं बसून हजार! गुडघे बघा माझे, जिना चढताना मक्याच्या लाह्या फुटल्यासारखे वाजतात. सतरा वर्षं, सहा गावं, बसमधलं थंड सँडविच, आणि माझ्या सामानाच्या पेटीच्या झाकणाच्या आत खडूनं मारलेल्या रेघा. ऑगस्टात रेघा झाल्या नऊशे अठ्ठ्याण्णव. रविवारी नऊशे नव्व्याण्णव, मंगळवारी हजार! ग्लेनिसनं तर आठवडाभर आधीच लोणी काढून ठेवलं केकसाठी. हजार सामने उकिडवं बसलेला माणूस सहज सापडत नाही हो, बसलेले बरेच सापडतात, पण ते पुन्हा उठत नाहीत.

मी मालकीणबाईंना सांगायला गेलो. व्हर्ला टीग. डुकरांच्या खाद्याचा कारखाना, त्यातून दोन वर्षांपूर्वी आमचा संघ विकत घेतला, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण आकडे कळतात. मी म्हटलं, "व्हर्लाबाई, मंगळवारी माझा हजारावा." त्या म्हणाल्या, "हजारावा काय?" म्हटलं, "बसण्याचा." चष्मा खाली करून म्हणतात कशा, "कुबिचेक, माझ्या कोंबड्या रोज बसतात. निदान अंडं तरी देतात."

मी जायला वळलो. तर त्याच म्हणाल्या, "ते राहू दे. मेमध्ये चार झाले ना? रविवारी पाच पाहिजेत." मी म्हटलं, "पाच काय?" "एका डावात पाच बळी! एकदा चेंडू सोडलास तर चार होतात, मग दोनदा सोड! खाद्य वाढवलं की वजन वाढतं, त्यात एवढं काय अवघड? मी जाहिरात दिलीय, 'पाच बळींचा रविवार'. लोकांना वाटायला बाहुल्या मागवल्यात तीन हजार. तुझ्या."

माझ्या! खरं सांगतो, क्षणभर मला भरून आलं. मान डोलावणारी बाहुली, आणि ती माझी! सतरा वर्षांत माझा साधा फोटो कोणी नीट काढला नाही. खोकं उघडून बघतो तर काय, पोट माझं, मिशा माझ्या, मान डोलतेय, आणि चेंडू मिटमध्ये, त्या जाड कातडी हातमोज्यात, घट्ट चिकटवलेला! कारखान्याची चिठ्ठी सोबत: 'तुमच्या चित्रात चूक होती, चेंडू खाली पडलेला दाखवला होता. आम्ही दुरुस्त केली आहे.' व्हर्लाबाईंचा चेहरा बीटसारखा लाल. म्हणाल्या, "बाहुली बिघडली तर बिघडली. तू बिघडू नकोस. सोडला नाहीस तर मंगळवारी यायचं नाही. कळलं?"

कळलं! मी म्हटलं, बाई, आयुष्यात एकच गोष्ट मला न शिकता येते. चेंडू सोडायचाय? अहो, तुम्ही सांगितलं नसतं तरी सोडलाच असता!

आणि रविवारी... काय सांगू तुम्हाला... रविवारी चेंडू सुटेना!

पहिला फलंदाज. तिसरा चेंडू, मी मिट सैल सोडला, बोटं मेल्यासारखी केली. चेंडू आला, आत बसला, झोपला. बाद! दुसरा. मी चक्क डोळे मिटले. फट्! आत! तिसऱ्याला मी मिट भलतीकडेच नेला, तर कॉर्विनचा तो चेंडू मिटच्या मागोमाग भलतीकडे आला! इतके दिवस ज्याच्यामागे मी धावलो, तो त्या दिवशी माझ्यामागे धावत होता. आणि लोक? दुपारची उन्हं, हातात लिंबू सरबत, तीन हजार लोक एका सुरात, "सोड! सोड! सोड!" मी धरला की "हुर्यो!" अहो, चेंडू धरला म्हणून शिव्या खाल्लेला कॅचर तुम्ही पाहिलाय? बघा, हा समोर उभा आहे.

चौथा डावही तसाच संपला. म्हटलं मंगळवार गेला. आणि आमच्या बाकावरची मंडळी! पाचव्या डावापासून एकही माझ्याशी बोलेना. कॉर्विन एका टोकाला एकटा, त्याच्याकडेही कोणी बघेना. मी जवळ जाऊन बसलो की बाकीचे सरकून लांब. वाळीत टाकलं की काय? मी प्रुइटला म्हटलं, "साहेब, मी मुद्दाम धरत नाहीये हो!" तर तो बिया गिळून बसला. गिळून! वीस वर्षांत त्यानं बी गिळलेली कोणी पाहिली नव्हती. नुसता डोळे मोठे करतो, धावांच्या फळ्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो, दोन्ही हात छातीशी धरतो. मला वाटलं छातीत कळ आली. म्हटलं, "पाणी देऊ?" तो मान हलवतो, परत हात छातीशी. मी म्हटलं, म्हणजे काय, 'मनापासून सोड' म्हणतोय? सोडतो, साहेब, सोडतो!

आता खरी गोष्ट तुम्हाला सांगतो, पण आधी लाकडाला हात लावतो, थांबा... हां. आमच्यात एक रीत आहे. पिचरनं समोरच्या एकालाही बेसवर पोचू दिलं नसेल, एकालाही नाही, नऊ डावांतले तीन-तीन, सत्तावीसच्या सत्तावीस गपगार, तर त्याला म्हणतात परफेक्ट गेम. माणसाच्या जन्मात एकदा बघायला मिळाला तर नशीब. पण तो चालू असताना ते शब्द उच्चारायचे नाहीत! बोललात की फिसकटलं. पिचरकडे बघायचं नाही, त्याच्याशेजारी बसायचं नाही, फळ्याकडे बोट दाखवायचं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. पंचाला, सरबतवाल्याला, समोरच्या संघालासुद्धा. फक्त दोघांना नव्हतं. एक व्हर्लाबाई, त्यांना कोणी सांगेना, कारण सांगायचं तर बोलावं लागणार. आणि दुसरा मी, कारण माझं लक्ष फळ्याकडे कुठलं, चेंडू कसा सुटेल ह्या विवंचनेत मी! आणि मी एक जरी सोडला असता, तरी तो गडी पळत बेसवर, आणि आटोपला सगळा खेळ.

नववा डाव. दोन बाद. आमचा माशाच्या सोंगातला माणूस, संघाचं नाव बुलहेड्स ना, मिशावाला मासा, तो कल्ले फडफडवत माझ्याकडे आला आणि चिठ्ठी दिली. व्हर्लाबाईंचं अक्षर: 'पाच नाही तर नाही. निदान एक सोड. शेवटची संधी. मंगळवार आठव.' मी त्या माशाला विचारलं, "बाबा रे, तुला काय वाटतं?" मासा रडत होता! आतून! नुसता हुंदका ऐकू आला, आणि तसाच पळाला.

मी म्हटलं, डेल्मर, हजार. सतरा वर्षं. एक चेंडू सोडायचाय, रोज फुकट सोडतोस तो. फलंदाज दोनदा हुकलेला, तिसरा चेंडू आला. फलंदाज हुकला. मी मिट उलटा केला, हो, उलटा, पाठ वर! देवाशप्पथ! चेंडू मिटच्या पाठीवर आपटला, उडून मुखवट्यावर टाण्णकन बसला, वर गेला. मी म्हटलं सुटला! सुटला रे! आनंदानं उठायला गेलो आणि डावा गुडघा म्हणाला 'कट्'. गेलो उताणा. हात पसरलेले. वर निळं आभाळ, त्यात तो चेंडू, शांतपणे खाली येतोय... डावीकडे बघितलं त्यानं, उजवीकडे बघितलं... आणि आला, अगदी पत्ता विचारत आल्यासारखा, मिटमध्ये.

मग जो कल्ला झाला म्हणता! सगळे धावले कॉर्विनकडे, आणि मी वाटेत उताणा, तर माझ्या पोटावरून चौघे गेले. प्रुइट पाचवा. "परफेक्ट! परफेक्ट! थू! परफेक्ट!" अडवून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर. मी पडल्या पडल्या मान वळवून फळा पाहिला. शून्य धावा. शून्य फटके. शून्य चुका. मंडळी, खोटं नाही सांगत, मी रडलो. म्हटलं, अरे, आणि मी हे मोडायला निघालो होतो! माझे हात माझ्यापेक्षा शहाणे निघाले. कॉर्विन आला, मला उठवलं, गुलाबी नखांचा हात माझ्या गालावर ठेवला आणि म्हणाला, "डेल, तू शेवटचा कसा धरलास रे?" म्हटलं, "मी फक्त धरतो रे. पुढचं त्याचं तो."

तेवढ्यात व्हर्लाबाई. "किती झाले?" प्रुइट हर्षवायू झाल्यासारखा, "बाई, सत्तावीस! सत्तावीसच्या सत्तावीस!" "ते नको. एका डावात जास्तीत जास्त किती बळी?" "...तीन." "मेमध्ये चार होते." "हो, पण बाई, हे..." "तीन म्हणजे चारापेक्षा कमी." प्रुइटनं समजावलं हो, हात जोडले, माशानं सोंगाचं डोकं काढून समजावलं. बाईंचं एकच, "माझ्याकडे तीन हजार माणसं सुटलेला चेंडू बघायला आली होती. ह्यानं एक तरी सोडला का?" आणि प्रुइट, आजवर ज्यानं माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढला नाही, तो प्रुइट मान ताठ करून अभिमानानं म्हणाला, "एकही नाही!"

झालं. त्या एका स्तुतीवर माझी नोकरी गेली.

आता दुसरी काचेची पेटी येतेय म्हणे, पहिलीच्या शेजारी. पाटी मी पाहिली, 'कॉर्विन स्टट्झ. परफेक्ट गेम. शून्य धावा, शून्य फटके, शून्य चुका.' माझं नाव? जागा नाही. मी म्हटलं, अहो, ते तिसरं शून्य माझं आहे! तर म्हणे, शून्याला नाव कशाला.

घरी गेलो. ग्लेनिसनं केक करून ठेवलेला, मंगळवारसाठी, वर पांढऱ्या साखरेत ठसठशीत, एक आणि पुढं तीन शून्यं. मी दारातच म्हटलं, "नऊशे नव्व्याण्णववर काढलं गं." शेजारची मंडळी यायची होती, आणि ग्लेनिस पक्की लुथरन, देवाधर्माची बाई, खोटं काही टेबलावर ठेवणार नाही. सुरी घेतली, म्हणाली, "एकच कमी पडला ना रे?" आणि तो एक अलगद खरवडून काढला.

उरलं काय? शून्य, शून्य, शून्य. म्हटलं, राहू दे, पुसू नकोस. बरोबर आहे.