बाकी ठेवलेलं पान

दर्यापूरच्या बसस्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहताना मागच्या बाकावरचं बोलणं कानावर आलं. एक वयस्कर बाई होत्या आणि एक सुतार.

"गुणवंत मिस्त्री, देवघराच्या चौकटीवरचं राह्यलेलं पान कवा कोरून गेले तुमी?"

"मी नाई आलो, काकू. बाबा वारल्यापासून पटाशीले हातच लावला नाई."

"मंग कोनं कोरलं? सकाळी दिवा लावाले गेली, त वेल पुरी झालेली."

"ते पान बाबानं मुद्दाम सोडलं होतं. एक पान बाकी ठेवलं का कारागिराले परत यावंच लागते, असं म्हनत ते."

"मले बी म्हनले होते, 'सुभद्राबाई, येतो मी.'"

"पटाशीचे घाव कोन्या बाजूनं हायेत?"

"डावीकडून. बाकीच्या पानायसारखेच."

"बाबा डावखुरे होते, काकू. मी उजव्या हातानं कोरतो."

"जाऊ द्या. पान झालं, म्हनजे त्यायचं येनं बी संपलं."

"फोटो हाय काय?"

"हा पाहा, मोबाईलमंदी."

"त्याच्या पुढं पेन्सिलीनं हे काय आखलं?"

"कुठं? मले त दिसलं नाई."

"पान हाय, काकू. बाकी ठेवलेलं."