देशाबाहेर होता का?

मेक्सिकोतल्या कॅनकुन विमानतळावर अमेरिकेतल्या डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानासाठी रांग लागली होती. ओडेटबाईंच्या पुढेच एक जोडपं उभं होतं. त्यांची नावं बाईंना कळली ती भांडणातूनच.

"वेंडेल, फोन का लपवतोस? कोण आहे ती?"

"कुणी नाही गं. ऑफिसचं काम आहे."

"रविवारी? दाखव इकडे."

"लोरेटा, लोक बघतायत."

"बघू देत. आण तो फोन. हे काय? बेकारी भत्ता? कुणाला?"

"मला."

"नोकरी कधी गेली?"

"महिना झाला. तिकिटं आधीच काढलेली होती. तू इतकी खुशीत होतीस, जीभच रेटेना."

"मग रोज सकाळी डबा घेऊन कुठे जात होतास?"

"लायब्ररीत. नोकरीसाठी अर्ज करत बसायचो."

ओडेटबाईंनी उगाच पासपोर्ट चाळायला घेतला.

"आणि हा भत्त्याचा या आठवड्याचा फॉर्म. 'या आठवड्यात तुम्ही देशाबाहेर होता का?' इथे तू 'नाही' लिहिलंयस."

"'हो' लिहिलं तर या आठवड्याचा भत्ता बुडेल."

"बुडू दे. 'हो' कर. माझ्याशी खोटं बोललास तेवढं पुरे."

"केलं. पाठवलं."

"बघू? बरं. आता आणखी काय काय लपवलंयस ते विमानात सांग. चार तास आहेत."