आखाजीची गाडी

— नाही, नाही, भाऊ, तुमच्या त्या धुळ्याच्या मिस्त्रीला आधी बाजूला व्हायला सांगा. त्या गाडीला परक्याचा हात चालत नाही. तुम्ही बसा, चहा घ्या. लीलाधरशेठनं विकली असेल तुम्हाला, त्याच्या बापाची गाडी, त्यानं विकली, मी कुठं नाही म्हणते? पण उभी आहे ती माझ्या गोठ्यात. माझ्या भावानं उभी केलीय, निंबानं. तो गेलाय लढाईवर, ब्रह्मदेशात. परत आला की तोच देईल तुम्हाला, त्याच्या हातानं. तोवर नाही. एवढंच माझं म्हणणं. आता लढाई संपली हे मलाही माहीत आहे हो — माणसाला यायला वेळ लागतो.

काय? हो, तीच ही, फ्रान्सची. तुम्ही मुंबईला कुणाकडून ऐकून आलात, मला माझ्या भावानं दर वर्षी सांगितलंय, एरंडोल सुटल्यापासून अमळनेर येईपर्यंत. तिकडं एक शर्यत असते म्हणे — अख्खा दिवस नि अख्खी रात्र, नुसतं पळायचं. दोघांनी आळीपाळीनं चालवायची. सुरुवातीला ड्रायव्हरनं गाडीकडं धावत जायचं, स्वतः कापडी टप चढवायचा, मग आत बसायचं. आणि मोडली तर? तर त्यानंच दुरुस्त करायची, गाडीत जे पाने-पक्कड असतील तेवढ्यावर. दुसऱ्या कुणी बोट लावलं की बाद. ही पहिली नाही आली हो. दगड लागून एक दिवा फुटला, ती एका दिव्यावर पळाली, पण शेवटपर्यंत पोचली — पुष्कळ गाड्या वाटेतच बसल्या, ही पोचली. निंबा म्हणायचा, अक्का, पहिलं येण्यात काय आहे, पोचणं मोठं. दारावरचा रंग खरवडलात तर खाली सातचा आकडा सापडेल. नका खरवडू पण.

मग कुण्या साहेबानं मुंबईला आणली, त्याच्याकडून रुपचंदशेठनं घेतली, लीलाधरचा बाप, अमळनेरचा जिनिंगवाला. शेठ एकदाच बसला. पागोटं उडालं, ते कुणाच्या तरी कपाशीत सापडलं — परत म्हणून बसला नाही. मग चालवायची कुणी? निंबा ड्रायव्हर. शेठचा जीव होता त्याच्यावर, आखाजीला गाडी मागितली की द्यायचा. तुमच्याकडं अक्षय्य तृतीया म्हणतात, आमची ती आखाजी. सासुरवाशीण माहेरी जाते, झोके घेते, गाणी म्हणते. पण एकटीनं नाही जायचं — मुराळी यावा लागतो न्यायला, भाऊ नाहीतर बाप. गावातल्या बठ्ठ्या, सगळ्याच सुना बैलगाडीकडं डोळे लावून बसायच्या, आणि मी शर्यतीच्या गाडीकडं. नदी ओलांडली की तो हॉर्न वाजवायचा, दोनदा आखूड, एकदा लांब. सासूबाई म्हणायच्या, आला तुमचा आगीनबंब. आणि निघताना सगळं गाव जमायचं, कारण हा वेडा लांबून धावत यायचा, टप चढवायचा, उडी मारून बसायचा, अगदी फ्रान्ससारखं. "अक्का, चाल लवकर, माय वाट देखी राहिनी." अमळनेरात शिरलं की पुन्हा तोच हॉर्न, आणि माय सांजोऱ्या टाकून पिठाच्या हातानं रस्त्यावर.

लढाईत पेट्रोल मिळेना. शेठ म्हणाला, इंजिन काढून केळीच्या विहिरीवर बसवू. निंबानं पाय धरले त्याचे. मग इथं आणली, चाकांखाली ओंडके लावले आणि गेला फौजेत लॉऱ्या चालवायला. म्हणाला, अक्का, आखाजीला येतो. येतो म्हणाला म्हणजे येतो तो. आणि वना सांगतो ते सगळं खरंच असतं असं थोडंच —

कुणी नाही. वना कुणी नाही.

बघा, तोंडातून निघालंच. घरात यांनासुद्धा नाही सांगितलं मी, आणि तुम्हाला, ना ओळख ना पाळख. वना पाचोऱ्याचा, निंबाच्याच लॉऱ्यांमधला. मागच्या साली आला, इथंच बसला होता. म्हणाला, घाटात निंबाची लॉरी बंद पडली. साहेबाचा हुकूम, सोडा ती, मागच्या लॉरीत चढा. वना म्हणाला, चल, दोघं मिळून बघू नाहीतर सोडून दे. तर हा काय म्हणाला? "मनी गाडी शे. मीच करसू." माझी गाडी, मीच करीन, म्हणे. आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. वरून विमानं आली. पुढचं वनाला मी बोलू दिलं नाही. पाणी दिलं, वाटेला लावलं.

हे कुठं शिकला तो? हिच्याकडंच ना. मडगार्डला तो पोचा आहे बघा — तो फ्रान्सचा नाही. वना गेल्यावर मी गोठ्यात गेले आणि जळतणाचं लाकूड घेऊन हिला मारलं. आणि मग हिच्याच सीटवर बसून रडले.

का नाही सांगितलं? अहो, आखाजीला जसं लेकीनं जायचं, तशी त्याच दिवशी घरातल्या गेलेल्यांची घागरही भरायची. कोरी घागर, गार पाणी, वर आंबा नि खरबूज. माय माझ्या बापाची भरते. दुसरी भर, निंबाची, हे मी सांगू तिला? मी माहेरीच गेले नाही. माय निरोप धाडते, निंबा आला की त्याच्यासंगं ये. ही गाडी उभी आहे तोवर तो यायचा आहे, भाऊ. ही गेली की —

थांबा.

ऐकलंत? चालू झाली. तुमच्या मिस्त्रीनं केली ना? परक्याच्या हातानं झाली. म्हणजे चालत होतं तर, कुणी हात लावला तर चालत होतं. मग वनाचा हात काय वाईट होता रे, निंबा.

पुसते हो डोळे, काही नाही. न्या. नाही अडवत. फक्त अमळनेरावरून जा, थोडं वाकडं पडेल. उद्या आखाजी. हे आणि मी मागं बसतो. यांना वाटेत सांगते मी. ती ओट्यावरची कोरी घागर द्या इकडं, मांडीवर घेते, फुटायची नाहीतर. तुम्ही आता काही बोलू नका माझ्याशी. आणि एवढं एक करा — अमळनेरात शिरलात की हॉर्न वाजवू नका. माय पळत बाहेर येईल.