वर्षानं अंतर मोजतात म्हणे!

नाही, मला एक सांगा, वर्ष हे अंतर कसं असेल? वर्ष म्हणजे बारा महिने, त्यात दोनदा सर्दी, एकदा दाढदुखी, की संपलं! पण आमच्या हिच्या पुस्तकात लिहिलंय, प्रकाशवर्ष हे अंतर! प्रकाश एका वर्षात जेवढा लांब जातो तेवढं. बरं, जाऊ दे ना त्याला, कोण अडवतंय? पण मग त्याला मैल म्हणा, कोस म्हणा... वर्ष कशाला?

तुम्हाला सांगतो, मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. गार का होत नाही, एवढंच जन्मभर बघत आलो. सूर्य किती तापलाय त्याच्याशी माझं काय देणंघेणं? पण हिनं दहावीला बसायचं ठरवलं. लेक कॉलेजात आणि आई दहावीत! त्याचं काय आहे, ही शाळेत असताना हिची आई अंथरुणाला खिळली, धाकटी भावंडं सांभाळायला हिला घरी बसवलं, ते बसवलंच. गेल्या वर्षी गेली होती परीक्षेला. लेखी झकास! तोंडीला मात्र दारापर्यंत गेली आणि परत आली. परक्या माणसापुढे हिचा आवाजच फुटत नाही हो. माझ्यापुढे फुटतो. खालच्या मजल्यावरची माणसं टीव्ही बंद करून ऐकतात! पण त्या दिवशी घरी येऊन जी गप्प बसली... मला बघवेना. म्हटलं, यंदा अभ्यास मी घेतो!

माझी बहीण तर हसायलाच लागली. "वहिनी, या वयात तारे कसले बघतेस? गुडघे बघ आधी!" त्यावर हीसुद्धा हसली, पण पुस्तक काही मिटलं नाही.

मग काय, मी फ्रिज उघडून जमिनीवर, ही पुस्तक घेऊन स्टुलावर.

"अहो, विचारा ना."

"तारा आणि ग्रह यात फरक काय?"

"ताऱ्याला स्वतःचा उजेड असतो. ग्रह दुसऱ्याच्या उजेडात मिरवतो. लग्नसमारंभात तुम्ही मिरवता तसा."

ऐकून घेतलं! पुढे म्हणाली, निळा तारा तांबड्यापेक्षा जास्त तापलेला असतो. मी म्हटलं, शक्यच नाही, तांबडं म्हणजे गरम आणि निळं म्हणजे थंड, कुठल्याही नळावर बघ! तर हिनं मला हाताला धरून गॅसपाशी नेलं. "ही चांगली पेटलेली ज्योत कुठल्या रंगाची? आणि विझत आलेला निखारा कुठल्या?" आता गॅस निळा जळतो त्याला मी काय करू? मग म्हणाली, तुटणारा तारा हा ताराच नसतो, तो नुसता दगड, हवेत घासून पेटलेला. म्हणजे लहानपणापासून दगडाकडे मागत आलो मी! तरीच काही मिळालं नाही. पण प्रकाशवर्षावर मी अडून बसलो. काळच तो! वर्ष हे अंतर कसं असेल? दोन दिवस भांडलो. जेवताना, झोपताना, शेजारी दार वाजवेपर्यंत!

आणि आला की तोंडीचा दिवस. मी बाहेर बाकावर, दार जरासं उघडं. आत परीक्षक, जाड चष्म्याचे, आवाज असा की आयुष्यात कधी कुणाला पास केलंच नसावं. "हं. प्रकाशवर्ष म्हणजे काय?"

आतला पंखा ऐकू येतोय. हिचा हात टेबलाच्या कडेवर, बोटं पांढरी पडलेली. म्हटलं गेलं, यंदाही गेलं...

"आमचे हे म्हणतात, तो काळ आहे," ही हळूच म्हणाली.

परीक्षकांनी पेन उचललं. मी डोळे मिटले.

"पण ते साफ चुकीचं आहे!"

आणि काय सुटली हो! प्रकाशाचा वेग, वर्षभराचं अंतर, तिथून दीर्घिका, कोट्यवधी ताऱ्यांचा तो पसारा, तिथून कृष्णविवर, ज्यातून प्रकाशसुद्धा बाहेर पडत नाही... समोर परीक्षक नव्हतेच, समोर मी होतो! शिपाई धावत आला बघायला, आत भांडण झालं की काय. शेवटी परीक्षकच म्हणाले, "बाई, पुरे, पुरे! पास आहात!" वर हसून विचारतात, "अभ्यास कुणी घेतला?"

"ह्यांनीच. हे जे सांगतील त्याच्या बरोबर उलट लक्षात ठेवलं."

बाहेर आली, डोळ्यांत पाणी, माझा हात घट्ट धरलेला. मीही पुसले डोळे, खोटं कशाला बोलू? जिन्यावरच म्हणाली, "अहो, आता बारावी. भौतिकशास्त्र तुम्हीच घ्यायचं हं."

म्हटलं, अगं, चांगली शिकवणी लाव की!

"छे! शिकवणारे ढीगभर मिळतील. इतक्या खात्रीनं चुकणारा माणूस कुठून आणू?"