मंदाकिनीबाईंसाठी आणलेला आवाज

हार घातलात, बुक्का लावलात, बरं वाटलं. आता मंडळी, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेली माणसं तर आधी पुढे या! खांबाला पाठ लागली की घोरणं सुरू होतं, आणि आमचे पेटीवाले बिचारे त्या घोरण्यात सूर शोधत बसतात.

तर एक प्रश्न विचारतो. उत्तर आत्ता देऊ नका. दुसऱ्याचं वाईट केलं तर पाप लागतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण एखादा आपल्या माणसाचं भलं करायला गेला — मनापासून गेला, हौसेने गेला — आणि त्या भलं करण्यातच त्या माणसाचा घात झाला, तर? त्याचं पाप लागतं का?

"हेतू शुद्ध होता, नाही लागत महाराज!" बघा, पहिल्या रांगेतून आलंच उत्तर. आत्ता देऊ नका म्हणालो होतो ना? राहू द्या. ऐका तर.

आज पुराणातलं आख्यान नाही लावत. कोल्हापुरातलं लावतो. राजारामपुरीत शशिकांतराव शिरगावकर म्हणून गृहस्थ. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. जन्मभर काय केलं? रसाचे नमुने तपासले! हा नमुना बरा, पण तो बघू. तो बरा, पण अजून एक बघू. भाजी आणायला गेले तर घरी येईपर्यंत संध्याकाळ! माणूस सोन्यासारखा हो, पण चोखंदळ. असतं एखाद्याचं.

त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई. त्यांना गाण्याचं वेड. गायच्या नाहीत, ऐकायच्या. स्वयंपाकघरात रेडिओ, आणि कान असा की हॉलमध्ये बसून त्यांना आत गॅसवरचं दूध वर येताना कळायचं! आणि रेडिओवर गाणाऱ्या बाईंनी एखादी अवघड जागा घेतली, की यांची पोळी तव्यावरच राहायची. शशिकांतराव करपलेली पोळी मुकाट्याने खायचे. तेवढं प्रेम होतं, मंडळी. ते आधीच सांगून ठेवतो.

निवृत्तीच्या दिवशी ते म्हणाले, "मंदा, आता आपण दोघं घरात बसून मैफल ऐकायची. असा आवाज आणतो, की रेडिओवरच्या त्या गाणाऱ्या बाई आपल्या हॉलमध्ये येऊन गातायत असं वाटेल."

बाई म्हणाल्या, "आणा. मी वाट बघत्ये."

आणि त्याच सुमारास बाई एकदा टीव्ही बघता बघता म्हणाल्या, "अहो, हल्ली यांचे शब्दच कळत नाहीत नीट."

झालं! शशिकांतराव खूश! "बरोबर बोललीस. अगं, या चपट्या टीव्हीचे स्पीकर पाठीमागे असतात. आवाज आधी भिंतीवर आपटतो, मग आपल्याकडे येतो. आपल्याला होम थिएटरच पाहिजे."

गेले दोघं मगदूमांच्या दुकानात. शांतिनाथ मगदूम म्हणाले, "बसा काका, बसा काकू. हे बघा, बोलणं येतं मधल्या स्पीकरमधून. संगीत डाव्या-उजव्यातून. टाळ्या, पाऊस, गर्दी मागच्या दोघांतून. आणि हा कोपऱ्यातला मोठा डबा, वूफर. खालचा घुमारा सगळा ह्याचा." ऐकलंत? पुढे तिघं, मागे दोघं, आणि एक कोपऱ्यात बसून नुसता गुरगुरणारा! आमच्या एकत्र कुटुंबात अगदी हीच मांडणी होती. फरक एवढाच, की यांचा आवाज कमी करता येतो!

मगदूमांनी गाणं लावलं. बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा पाणी होतं डोळ्यांत. म्हणाल्या, "छान आहे हो. हेच घेऊन टाका."

मंडळी, इथे थांबा. इथे जर त्या माणसाने हो म्हटलं असतं! निदान काही महिने, निदान एक पावसाळा त्या बाईंनी घरात बसून गाणं ऐकलं असतं. पण शशिकांतराव म्हणाले, "पहिलंच कसं घ्यायचं? अजून बघू."

मग सांगली झाली, पुणे झालं. हा स्पष्ट आहे पण कोरडा. तो गोड आहे पण बोलणं दबतं. तेवढ्यात छतातून आवाज सोडणारे नवीन निघाले — थांबू या, किंमत उतरेल! मग कोणी सांगितलं, तुमच्या हॉलला फरशी आहे, आवाज घुमतो. की आणा गालिचा! लावा जाड पडदे! एका माणसाला ऐकवण्यासाठी अख्खं घर मुकं करून टाकलं हो त्यांनी.

आणि इकडे बाई? दूध उतू जायला लागलं. शशिकांतराव म्हणाले, "हा नवा गॅस फार भडकतो." बाई म्हणाल्या, "फोनवर नातवाचं बोलणं कळत नाही." हे म्हणाले, "तो पुटपुटतोच. आणि मोबाईलला रेंज तरी कुठे आहे?" नातू दोषी, गॅस दोषी, फरशी दोषी! प्रत्येक तक्रारीला त्यांच्याकडे उपाय तयार. माणूस थकला नाही, कंटाळला नाही. बायको म्हणते ऐकू येत नाही, तर अजून चांगला स्पीकर शोधायचा! याला आळशी म्हणाल? निष्काळजी म्हणाल? याच्याइतकी काळजी तुमच्यात कोण घेतो?

शेवटी बाईंनी सरळ विचारलं. भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "अहो, मला वाटतं माझ्या कानातच काहीतरी झालंय. डॉक्टरांना दाखवू या का?"

शशिकांतराव हसले. "तुझे कान? अगं, अख्ख्या कोल्हापुरात तुझ्यासारखे कान नाहीत. बिघाड या डब्यात आहे. थोडा धीर धर."

बाई लाजल्या. त्या वयात लाजल्या! नवऱ्याने कौतुक केलं, कोणाला नाही आवडत? पुन्हा तो विषय काढला नाही त्यांनी. मंडळी, शिवी दिली असती ना, तर बाई चिडून एकट्या गेल्या असत्या डॉक्टरकडे. कौतुकाने घात केला.

तुम्ही म्हणाल, महाराज, एका घरात राहून नवऱ्याला कळलं कसं नाही? कसं कळणार? चाळीस वर्षांच्या संसारात आपण नवीन बोलतो काय? चहा टाकू का. जेवायला वाढू का. लाईटबिल भरलं का. हे ओठांवरूनसुद्धा ओळखता येतं! हसू नका. तुमचं काल दिवसभरात काय बोलणं झालं ते आठवा, म्हणजे हसू जाईल.

आणि एकदाचं होम थिएटर आलं. काही उणं नाही, सर्वोत्तम! मगदूम स्वतः आले. सोफ्यावर, बाई जिथे बसणार तिथे, डोक्याच्या उंचीला एक माईक उभा केला. म्हणाले, "काका, हे यंत्र एका जागेसाठी जुळवतात. या जागेवर जो बसेल, त्याला सगळ्यात सुंदर ऐकू येणार." शशिकांतराव म्हणाले, "ती जागा हिची. कायमची." बाई नवी साडी नेसून बसल्या. थांबा, मंडळी. पाणी द्या जरा.

मैफल लावली. टीव्हीचा पडदा बंद ठेवला. "नुसतं ऐकायचं. डोळे मिट, मंदा." बाईंनी डोळे मिटले. तंबोरे सुरू झाले. तबला आला. गाणाऱ्या बाईंचा स्वर लागला, खोलीभर पसरला, तानांवर ताना आल्या, मागून लोकांच्या टाळ्या आल्या. मगदूमांच्या अंगावर काटा! शशिकांतराव बायकोच्या तोंडाकडे बघतायत. इतक्या वर्षांचं फळ त्या तोंडावर उमटायचं होतं ना!

बाई ताठ बसलेल्या. सोफ्याच्या हातावर तळवा ठेवलेला. कोपऱ्यातल्या डब्याचा घुमारा तेवढा लाकडातून हाताला लागत होता. डोळे न उघडताच म्हणाल्या, "तबला वाजतोय तो कळतोय हाताला. पण अहो, बाई गायला कधी बसणार?"

खोलीत स्वर टिपेला पोचला होता. मगदूमांनी मान खाली घातली. शशिकांतरावांनी आवाज वाढवला. अजून वाढवला. खिडकीची तावदानं थरथरली, शेजारी गॅलरीत आले. बाई डोळे मिटून वाट बघत होत्या.

डॉक्टर काय म्हणाले? कानाच्या आतला विकार. हळूहळू वाढतो. सुरुवातीला औषधाने बहुधा थांबवता येतो. "पहिल्यांदा तक्रार कधी केली होती यांनी?" शशिकांतरावांना दिवस पक्का आठवत होता. ते त्या दिवशी किती खूश झाले होते, तेही आठवत होतं. डॉक्टर म्हणाले, "तेव्हा आणायला हवं होतं." कानाला लावायचं यंत्र मिळालं. जवळून, शांततेत बोललं तर शब्द कळतात. गाणं नाही. गाणं त्या यंत्रातून पत्र्यावर खडे ओतल्यासारखं येतं.

घरी येऊन शशिकांतराव रडले. "मी तुझं ऐकलं नाही गं."

बाई म्हणाल्या, "तुम्ही कौतुक केलंत, मलाच बरं वाटलं. मीही नाही बोलले पुन्हा." क्षमा केली बरं का. पण अशी क्षमा ऐकून माणसाने जगायचं कसं?

मगदूमांना निरोप धाडला, हे सगळं काढून न्या. बाईंनी अडवलं. "राहू दे. तुम्ही ऐकत जा. आणि बाई काय गायल्या ते मला सांगत जा. तुमच्या तोंडून ऐकेन मी."

शशिकांतराव बसले त्या जागेवर. पूर्ण मैफल ऐकली. बाई समोर, त्यांच्या ओठांकडे बघत. संपल्यावर विचारलं, "काय गायल्या?"

आणि मंडळी, त्यांना सांगता येईना! राग कुठला, ठाऊक नाही. शब्द काय, लक्ष नव्हतं. कुठे थांबल्या, कुठे वळल्या, काही म्हणजे काही नाही. इतकी वर्षं त्यांनी स्पीकर ऐकले होते. गाणं ऐकणारं माणूस त्या घरात एकच होतं.

वाकून बाईंच्या कानाशी म्हणाले, "आवाज अगदी स्वच्छ आहे."

बाईंनी मान हलवली आणि पुढच्या शब्दाची वाट बघत राहिल्या. पुढे काही आलं नाही.

शशिकांतराव मला याच देवळाच्या पायरीवर भेटले. म्हणाले, "महाराज, मी तिच्यासाठीच केलं ना?" मी एवढ्या पोथ्या वाचलेला माणूस, त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि आत निघून गेलो. आज तुम्हाला सांगतो. लागतं. हेतू शुद्ध असला तरी लागतं. आणि त्याला प्रायश्चित्त मला कुठल्या पोथीत सापडलं नाही. खोटं गोड बोलून तुम्हाला प्रसादाला पाठवणार नाही.

आता तुमचं बघा. तुमच्या घरात कोणीतरी काहीतरी म्हणालंय. आज नाही, मागेच. "हल्ली दम लागतो." किंवा नुसतंच, "करमत नाही हो." आणि तुम्ही काय केलंत? टॉनिक आणलंत! सहलीचं तिकीट काढलंत! तुमच्या मनात जे द्यायचं होतं, ते दिलंत, आणि कृतार्थ होऊन इथे कीर्तनाला येऊन बसलात. ते माणूस या क्षणी घरी आहे. जा आणि विचारा, "तू मागे काय म्हणालीस?" आणि विचारल्यावर गप्प बसा. उपाय सांगू नका. कदाचित अजून वेळ असेल. असेलच, असं मी म्हणत नाही.

उठा, आरतीला उभे राहा. टाळ आज जरा हळू वाजवा.