पिंडीवरून उतरलेलं दूध

नीलाबाई : ‘नीले, दुधाचा थेंब भुईवर सांडू नगंस.’ सासूबाई मरता मरता बोलल्या, म्या हातावर हात ठेवून शबूद दिला. आन् तू म्हनतीस, तांब्या मोरीत वत?

स्वप्नाली : आई, ही पट्टी बघ. दुधात औषध नसलं तर तांबडी रेघ उठते. असलं तर उठत नाही. आपल्या दुधात कुठाय रेघ?

नीलाबाई : तुझी पट्टीच नासली असंल.

स्वप्नाली : पुण्याला प्रयोगशाळेत मलाही तसंच वाटलं. घरचं दूध निर्मळ, म्हणून दिवाळीत बर्फात घालून मीच नेलं प्रयोगाला. रेघ उठेना, तर पट्टीवरचं औषध ओळखणारं प्रतिपिंडच बिघडलं म्हणून रडत बसले. आता शेजारच्यांच्या दुधात उठली की रेघ!

नीलाबाई : त्या प्रतिपिंडापायी ससे मारता म्हनं?

स्वप्नाली : नाही गं. पूर्वी सशाला टोचून त्याच्या रक्तातून काढायचे. आम्ही प्रतिपिंडाची घडण जिवाणूंत उतरवतो, ते जिवाणूच बनवून देतात. हे एकच औषध ओळखतं, पेनिसिलीन. कपिलेला काही दिलंय?

नीलाबाई : सड सुजलं की डाक्टर आत ट्यूब सोडतेत. मागल्या आठवड्यात सोडली, काल बी सोडली. लई बेजार हाय गाय.

स्वप्नाली : दुधाचं काय म्हणाले?

नीलाबाई : तीन दिस कुनाच्या पोटात जाऊ देऊ नका. मी कशाला देईन? समदं म्हादेवाला घालते. ज्यानं इख पचवलं, त्याला ट्यूब काय करती?

स्वप्नाली : आणि पिंडीवरून खाली येतं ते?

नीलाबाई : गुरव घागरीत धरतो. तीर्थ म्हनून...

स्वप्नाली : आई?

नीलाबाई : वाटतो. समद्या गल्लीला. अगं बाई, गीताबाईचा नातू! सुई टोचली तवा त्वांड सुजून मरता मरता वाचला. धारूरच्या डाक्टरनं बजावलतं, पुन्यांदा पेनिसिलीन नगं. मागल्या सोमवारी तीर्थ घेतलं आन् अंगभर गांधी उठल्या.

स्वप्नाली : मग?

नीलाबाई : गीताबाई म्हनली, देव कोपला. म्या... म्याच म्हनलं, पाच सोमवार तीर्थ पाज.

स्वप्नाली : आज सोमवार.

नीलाबाई : तापवल्यावर जात न्हाई का गं ते?

स्वप्नाली : नाही, आई.

नीलाबाई : आन तो तांब्या.

(मोरीत दूध पडल्याचा आवाज.)

नीलाबाई : सासूबाई, माफी करा.

स्वप्नाली : थांब, गीताबाईंना मी समजावते.

नीलाबाई : नगं. पाज म्हनून म्या सांगितलं, नगं म्हनून बी मीच सांगन. ‘लेकराला काय होत न्हाई, मी हाय,’ म्हनलं हुतं तिला.

स्वप्नाली : आणि अभिषेक?

नीलाबाई : दार लोटून घे. म्हादेव थांबंल.